आफ्रिकी कादंबरीतली बाई आणि घराचा जमाखर्च

प्रश्न थोडक्यात असा. एम.ए.ला तीन आफ्रिकी कादंबऱ्या लागल्या आहेत: झिम्बाब्वेच्या त्सित्सी दांगारेम्ब्गा यांची ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८), नायजेरियाच्या बुची एमेचेटा यांची ‘द जॉइज ऑफ मदरहुड’ (१९७९) आणि सेनेगलच्या मारियामा बा यांची ‘सो लाँग अ लेटर’ (मूळ फ्रेंच, १९७९). नोट्समध्ये जिथे तिथे ‘दुहेरी गुलामगिरी’ हा शब्द, एक पितृसत्तेची आणि दुसरी वसाहतवादाची. पण पुस्तक उघडलं तर गोरा माणूस क्वचितच दिसतो, बाईला छळणारे बहुतेक घरचेच. मग वसाहतवाद दाखवायचा कुठे? आणि घरातलं भांडण त्यापासून वेगळं कसं काढायचं?

वेगळं काढूच नका. ‘दुहेरी’ या शब्दात बेरीज आहे, एका ओझ्यावर दुसरं ओझं. या कादंबऱ्यांत बेरीज नाही; इथे एक सत्ता दुसरीला कामाला लावते. ते बघायचं तर ‘संस्कृती’, ‘अस्मिता’ असले मोठे शब्द घटकाभर बाजूला ठेवा आणि पैशाचा माग काढा. शाळेची फी, मुलीचं देज (लग्नात वराकडून वधूच्या बापाला मिळणारी रक्कम), नवऱ्याचा पगार, बाजारात विकलेलं कणीस, कर्जावर घेतलेलं घर. तिन्ही बायकांनी घराचा जमाखर्च इतक्या बारकाईने मांडला आहे की तो नुसता उतरवून काढला तरी निम्मं उत्तर हातात येतं.

वहीच्या पानावर चार रकाने पाडा. पैसा कमावला कोणी? हातात आला कोणाच्या? खर्च झाला कशावर? आणि हिशेब विचारायचा हक्क कोणाला होता? वाचताना जिथे पैसा, धान्य, जनावर किंवा कष्ट एका हातातून दुसऱ्या हातात जातात तिथे एक ओळ लिहा, पानाचा आकडा टाका. पहिले तीन रकाने भराभर भरतात. चौथ्याशी अडायला होतं, आणि अडतं तिथेच कादंबरीचं मर्म असतं.

‘नर्व्हस कंडिशन्स’पासून सुरुवात करू, कारण पद्धत तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. काळ १९६० च्या दशकातला, देश ऱ्होडेशिया, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीचा झिम्बाब्वे. तांबुद्झाई, घरात तांबू, ही गरीब घरातली मुलगी. फी भरायला पैसे नाहीत म्हणून तिची शाळा बंद होते, थोरल्या भावाची, न्हामोची, चालू राहते. बाप जेरेमाया तिला विचारतो, पुस्तकं शिजवून नवऱ्याला वाढणार आहेस का? तांबू मग बियाणं मागते. स्वतः मका लावीन, विकीन, फी भरीन. बाप हसतो, आई मध्ये पडते म्हणून बी मिळतं. आजीच्या जुन्या, पडीक तुकड्यावर ती मका लावते. त्याच जमिनीवर आजीच्या हाताखाली काम करताना तिने घराण्याचा इतिहास ऐकलेला असतो. आजीच्या गोष्टीत गोरे म्हणजे दक्षिणेकडून आलेले चेटके, त्यांनी लोकांना सुपीक जमिनीवरून हुसकावलं. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात नाही. तो हातात खुरपं असलेल्या बाईकडून आला, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कणसं भरायला लागतात आणि गायब व्हायला लागतात. चोर घरातच आहे. न्हामो ती नेऊन मित्रांना वाटतो. तांबू त्याच्या अंगावर धावून जाते, मारामारी होते, ती सोडवतात शाळेतले मिस्टर माटिंबा. ते सुचवतात की गावात कणसाला काही किंमत येणार नाही, शहरात गोऱ्यांना विकू. दोघं उमतालीला (आजचं मुतारे) जातात. तिथे डोरिस नावाची एक गोरी म्हातारी मास्तरांवर तुटून पडते. एवढ्या लहान पोरीकडून काम करून घेता, ही गुलामगिरी आहे! मास्तर नम्रपणे, थोडं मीठमसाला लावून, पोरीच्या शिक्षणाची करुण कहाणी सांगतात. डोरिस १० पौंड काढून देते. (ऱ्होडेशियात १९७० पर्यंत पौंडच होते, डॉलर नंतर आला.) पैसे शाळेत जमा होतात, पावती होते. आणि जेरेमाया शाळेत येऊन भांडतो. मुलगी माझी, मग पैसे कोणाचे? माझेच.

आता हा एक व्यवहार चार रकान्यांत मांडा. कमावलं तांबूने, पण कणसं विकून नव्हे, दयेच्या बदल्यात. देणारी गोरी बाई ज्याला गुलामगिरी म्हणते ते त्या मुलीचं स्वतःचं, स्वतःसाठी केलेलं काम होतं. आणि ते करायची पाळी का आली, जमीन कोणी बळकावली, हे डोरिसच्या डोक्यातही येत नाही. हातात आले शाळेच्या. खर्च होणार फीवर. हक्क सांगितला बापाने, आणि त्याचा हक्क मोडला तो शाळेच्या पावतीने. म्हणजे बापाच्या तावडीतून मुलगी सुटली ती वसाहतीच्या कागदामुळे. आणि बापाला इतकं कंगाल करून ठेवलं की तो लेकीच्या फीवर टपतो, तेही त्याच वसाहतीने. एवढं एक पान नीट लिहिता आलं तर ‘दुहेरी गुलामगिरी’ हा शब्द वापरायची गरजच पडत नाही.

यामागची यंत्रणा माहीत असली म्हणजे प्रसंग हवेत राहत नाहीत. १८९० च्या दशकातच ऱ्होडेशियात रोख रकमेत झोपडीकर सुरू झाला. शेतात पिकतं ते धान्य, सरकारला हवं नाणं. म्हणून पुरुष खाणींत आणि गोऱ्यांच्या मळ्यांवर मजुरीला गेले, शेती बायकांच्या अंगावर पडली. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने चांगल्या जमिनीचा मोठा हिस्सा गोऱ्यांसाठी राखला. आणि तिसरी गोष्ट, जी नोट्समध्ये हमखास सुटते: सरकारी अधिकाऱ्यांनी ‘देशी लोकांचा रूढ कायदा’ ठरवताना विचारलं ते मुख्यतः म्हाताऱ्या पुरुषांना. बैठकीत घासाघीस होऊन जे वळायचं, वाकायचं, ते कागदावर उतरून कडक झालं. कायद्याच्या लेखी आफ्रिकी बाई जन्मभर अज्ञान, म्हणजे वय न झालेल्या मुलासारखी, आधी बापाच्या ताब्यात, मग नवऱ्याच्या. वयाने सज्ञान झालेली बाई कायद्यानेही सज्ञान, हे झिम्बाब्वेत यायला १९८२ साल उजाडलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरची दोन वर्षं. तेव्हा पात्र ‘ही आपली परंपरा आहे’ असं म्हणालं की थांबा आणि विचारा: गावच्या पारावरची, की सरकारी फायलीतली?

आता बाबामुकुरू, तांबूचे काका, मिशन शाळेचे मुख्याध्यापक, इंग्लंडला शिकून आलेले. इथे मराठी वाचकाचा एक फायदा आहे, तो सोडू नका. शोना भाषेत ‘बाबामुकुरू’ हे नावच नव्हे. ते ‘थोरले बाबा’. ‘माइगुरू’ म्हणजे ‘मोठी आई’, त्यांची बायको. ‘माइनिनी’ म्हणजे ‘धाकटी आई’. इंग्रजीत हे सगळं अंकल-आंटीत विरघळून जातं. आपल्याकडे थोरली जाऊ, धाकटी जाऊ, आत्या, मावशी यांत कोण कोणापुढे बसतं आणि कोण ताटं वाढतं हे सांगावं लागत नाही. कादंबरी सुरू करण्याआधी वंशवेल काढा, प्रत्येक नावासमोर नातं मराठीत लिहा. लगेच दिसेल की तेते ग्लॅडिस, म्हणजे आत्या, घराच्या न्यायबैठकीत, जिला शोनात ‘दारे’ म्हणतात, पुरुषांबरोबर आत बसते आणि सुना बाहेर स्वयंपाकघरात असतात. बाई असून तिला बाहेर बसवत नाहीत, कारण ती त्या घराण्याच्या रक्ताची. ‘पुरुष विरुद्ध बाई’ अशी सरळ रेघ मारणाऱ्या उत्तरात आत्याला जागाच राहत नाही.

थोरल्या भावाचा मान शोना घरात पूर्वीपासूनच होता. पण बाबामुकुरूंचं वजन नुसतं थोरलेपणाचं नाही. त्यांच्याकडे मिशनचा पगार आहे, मोटार आहे, इंग्रजी आहे. भावाच्या चुलीवर काय शिजेल हे त्यांच्या पगारावर ठरतं. म्हणून ते भावाच्या पोरांपैकी कोण शिकेल हे ठरवतात आणि वर्षानुवर्षं संसार केलेल्या भाऊ-भावजयीचं चर्चमध्ये लग्न लावायचं फर्मानही काढतात, कारण ख्रिस्ती नजरेत तो संसार पाप आहे. तांबूला हा आईबापाचा तमाशा वाटतो. ती भाषण ठोकत नाही, लग्नाच्या सकाळी अंथरुणातून उठत नाही, बस्स. शिक्षा होते छड्यांची आणि दोन आठवडे मोलकरणीचं काम करायची. थोरल्या दिराची जुनी सत्ता, चर्चचा नवा नियम आणि पगाराचा जोर, तिन्ही त्या एका छडीत आहेत. यातलं वसाहतवाद किती टक्के आणि पितृसत्ता किती टक्के, असं तोलून सांगता येईल का?

माइगुरूचा रकाना जवळजवळ कोरा राहतो. तिच्याकडे मास्टर्सची पदवी आहे, हे तांबूला बऱ्याच उशिरा कळतं, कारण कोणी तिला कधी विचारलंच नाही. ती शिकवते, पगार मिळवते, आणि तो पगार तिच्या हाती लागत नाही. नवऱ्याच्या नातेवाइकांच्या जेवणावळींत, फीत, कपड्यांत जिरतो. ज्या घरासाठी मरमर मरतेय त्या घरात मी कोणीच नाही, याचा मला कंटाळा आलाय, असं ती एकदा फुटून सांगते आणि घर सोडते. कुठे जाते? भावाकडे. पाच दिवसांनी परत येते. तिची मुलगी न्याशा यावर बोट ठेवते: आई पळाली तीही एका पुरुषाकडेच. नोट्समध्ये हा प्रसंग ‘विद्रोह’ म्हणून येतो. मी ‘खातेबदल’ म्हणेन, नवऱ्याच्या खात्यातून भावाच्या खात्यात.

न्याशाचं आजारपण हा परीक्षेला हमखास येणारा भाग आणि सर्वांत वाईट लिहिला जाणाराही. ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडल्यामुळे तिला मानसिक आजार झाला’, हे वाक्य चूक नाही, पण आळशी आहे. जेवणाचं टेबल बघा. ती ताटातलं संपवत नाही. बाप म्हणतो, सगळं खाल्लं पाहिजे, नाही तर फी, कपडे, अन्न, सगळं बंद. म्हणजे तो घास म्हणजे पोषणकर्त्याच्या सत्तेची पोचपावती आहे. ती घास गिळते आणि न्हाणीघरात जाऊन ओकून टाकते. पावती घेते आणि फाडते. शेवटी तिचा बांध फुटतो तेव्हा ती इतिहासाचं पुस्तक दातांनी फाडते. आजीने शेतात सांगितलेला इतिहास आठवा. तो या पुस्तकात नाही म्हणून हे पुस्तक खोटं. आणि तिला गोऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात तर तो सांगतो, आफ्रिकी माणसांना असला आजार होतच नाही, पोरगी नाटक करते. बापालाही तेच वाटत होतं. ऱ्होडेशियातला गोरा डॉक्टर आणि शोना बाप एकमेकांना न विचारता एकच निदान करतात. उत्तरात हे वाक्य स्वतःच्या शब्दांत आलं पाहिजे. शीर्षकाचा धागाही इथेच आहे: वसाहतवादाचे टीकाकार फ्रान्झ फॅनन यांच्या ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ या पुस्तकाला फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने लिहिलेल्या प्रस्तावनेत ‘नेटिव्ह’ची अवस्था ही ‘नर्व्हस कंडिशन’ म्हटली आहे, तोच हा शब्दप्रयोग, आणि त्यातला ‘नेटिव्ह’ हा वसाहतीचा शब्द न्याशासारख्या मुलीला कधी धरून नव्हता.

एक धोका सांगतो. कथा तांबू सांगते, पण मोठी झाल्यावर. पहिल्याच वाक्यात ती सांगते की भाऊ मेला त्याचं तिला दुःख झालं नाही. का, तर न्हामो मेल्यामुळे बाबामुकुरूंच्या मिशन शाळेतली त्याची जागा तिला मिळाली. बाबामुकुरूंच्या घरातली स्वच्छता, गालिचे, चहाची भांडी यांनी लहान तांबू दिपून जाते. ते दिपणं लेखिकेचं मत समजून उतारे टिपाल तर सगळं उत्तर उलटं होईल. ‘शिक्षणाने मुक्ती’ हा निष्कर्ष याच चुकीतून निघतो. ज्या कॉन्व्हेंटमध्ये तिला प्रवेश मिळतो तिथे चौघींच्या खोलीत सहा काळ्या मुली कोंबलेल्या असतात. मुक्तीच्या दारातच खाटा मोजून घ्या.

आता ‘द जॉइज ऑफ मदरहुड’. इथे आधी एक मराठी घोटाळा निस्तरायला हवा. पुस्तकात लग्नाच्या पैशाचा उल्लेख आला की आपल्याकडे लगेच ‘हुंडा’ असं भाषांतर होतं, आणि पुढचं सगळं विश्लेषण फसतं. पैसा उलट्या दिशेने जातो, वराकडून वधूच्या बापाकडे. याला मराठीत चांगला जुना शब्द आहे, देज. महाराष्ट्रातही कित्येक जातींत ती चाल होती. हुंड्यात मुलगी म्हणजे खर्च. देजात ती बापाची येणी रक्कम. म्हणून इथे मुलीचा जन्म नुसता तोटा नसतो. तिच्यावर आधीच हिशेब मांडून ठेवलेला असतो. दाबण्याची तऱ्हाच वेगळी.

नायिका न्नू एगो ही इग्बो जमातीची, इबुझा या गावाहून लागोस शहरात येते, नवरा न्नाइफे गोऱ्या जोडप्याचे कपडे धुतो. बायकांची आतली वस्त्रं धुणारा हा कसला पुरुष, असं तिला वाटतं. शेजारीण कॉर्डेलिया तिला समजावते की हे सगळे गोऱ्यांचे गुलामच, आपल्यासारखे. फरक एवढाच की त्यांना कामाचा थोडा पगार मिळतो. न्नू एगो सिगारेट आणि काड्यापेट्या आणून सुट्या विकते, त्यावर घर चालतं. दुसऱ्या महायुद्धात न्नाइफेला जबरदस्तीने भरती करून इंग्रजांच्या लढाईवर पाठवतात. पश्चिम आफ्रिकेच्या तुकड्या खरोखरच हिंदुस्थानमार्गे ब्रह्मदेशात लढल्या होत्या, तेव्हा आपल्या आणि त्यांच्या इतिहासाचा हा एक खराखुरा सांधा आहे. कादंबरीसाठी मात्र महत्त्वाचं हे की घरचा पैसा थांबतो आणि फीचा भार सगळा बाईवर येतो.

मग कोर्टाचा प्रसंग, आणि तो दोनदा वाचा. मुलगी केहिंदे योरुबा, म्हणजे दुसऱ्या जमातीच्या, खाटकाच्या मुलाशी लग्न करायला पळते. न्नाइफे कोयता घेऊन त्या घरावर चालून जातो. खटला उभा राहतो. न्नू एगो नवऱ्याला वाचवायला साक्षीला आली आहे. मुलांची फी कोण भरतं? ती सांगते, नवरा. मग वकील खोदतो तेव्हा कबूल करते की भरते मी. पण नवरा घराचा मालक, देव जसा आपल्या सगळ्यांचा मालक तसा तो माझा मालक. म्हणून मी भरली तरी भरली त्यानेच. कोर्टात हशा पिकतो.

हा हशा कोणाचा आहे याचा विचार करा. इंग्रजी कायदा विचारतो, पैसा कोणत्या खिशातून आला? इग्बो घर विचारतं, खिसा ज्याच्या अंगावर तो माणूस कोणाचा? दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्हींत न्नू एगोच्या नावावर काही जमा होत नाही. तिने प्रामाणिकपणे दिलेलं उत्तर नवऱ्याविरुद्ध जातं, तो तुरुंगात जातो, आणि घरचे तिलाच बोल लावतात. चौथा रकाना इतका उघडा दुसऱ्या कुठल्या कादंबरीत पडलेला मला माहीत नाही.

त्याच्या आधीची एक नोंद चुकवू नका. जुळ्या मुलींना आई सांगते, तुम्ही मुली आहात, तुम्ही विकायला बसलं पाहिजे म्हणजे भाऊ शिकतील. आणि मुलींच्या देजाचा पैसा मुलांच्या फीसाठी धरलेला असतो. जुन्या चालीचं देज नव्या शाळेच्या फीत मुरतं. मुलींना शिकवत नाहीत ते फक्त ‘परंपरा’ म्हणून नाही, आणि मुलगे शिकतात ते फक्त ‘आधुनिकता’ म्हणून नाही. एकीच्या पैशावर दुसरा चालतो. सवत अडाकू हा हिशेब मान्य करत नाही. ती घर सोडते, बदनामी अंगावर घेते आणि सांगते की माझा पैसा माझ्या मुलींच्या शाळेवर जाईल. तिचं पुढे नेमकं काय झालं यावर एमेचेटा फार रेंगाळत नाहीत, आणि तिला नायिका करायचा मोह वाचकानेही आवरावा.

न्नू एगोची गुंतवणूक बुडते. इबुझात मुलं म्हणजे म्हातारपणीचा आधार होती. लागोसमध्ये ती फी झाली, आणि परतावा गेला अमेरिकेला. थोरला ओशिया तिथून पत्रही धाडत नाही. ती रस्त्याच्या कडेला एकटी मरते. मग मुलं कर्ज काढून थाटात दिवस घालतात. मेल्यावर लोक तिच्या देवळीत मूल मागायला येतात आणि ती देत नाही. शीर्षकातला टोमणा कळायला एक माहिती हवी: फ्लोरा न्वापा यांच्या ‘एफुरू’ (१९६६) या कादंबरीचा शेवट एका प्रश्नावर होतो. तळ्यातल्या देवीला मातृत्वाचा आनंद कधी मिळाला नाही, तरी बायका तिची पूजा का करतात? एमेचेटांनी तो आनंद घेऊन पानोपानी त्याची किंमत लावून दाखवली.

इथे उलट्या बाजूची चूकही होते. ‘गोरे येण्याआधी आफ्रिकी बाई स्वतंत्र होती’ असं लिहिणारे बरेच. न्नू एगोच्या जन्माआधीच तिच्या बापाची थोरली बायको मरते आणि तिच्याबरोबर एका दासीला जिवंत गाडतात. तीच दासी न्नू एगोची ‘ची’, म्हणजे तिच्याबरोबर जन्माला आलेलं दैव, होते. ही काही इंग्रजांची देणगी नव्हे. पण म्हणून पूर्वी सगळा अंधारच होता असंही नाही. इग्बो बायकांची स्वतःची बैठक असे, आणि त्रास देणाऱ्या पुरुषाच्या दारात जमून, गाणी म्हणत, त्याला रात्रभर हैराण करायची रीत असे. तिला ‘पुरुषावर बसणं’ म्हणत. १९२९ साली नायजेरियातल्या ओलोको गावात बायकांवरही कर बसणार अशी हूल उठली. मोजणीला आलेल्या माणसाने न्वान्येरूवा या बाईला घरची माणसं, बकऱ्या, मेंढ्या मोजायला सांगितल्या. तिने उलट विचारलं, तुझ्या आईला मोजलं होतं का? तिथून हजारो बायकांचं बंड पसरलं आणि गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मेल्या. इंग्रजांनी नेमलेले ‘वॉरंट चीफ’, म्हणजे गावचे सरकारी मुखिये, जवळजवळ सगळे पुरुष होते, बायकांच्या बैठकीला सरकार-दरबारी जागाच नव्हती. तिचा घरातला धाक ओसरला तो असा. ही माहिती पाठ असली तर न्नू एगो लागोसमध्ये इतकी एकटी का, याचं उत्तर सापडतं: मागे उभी राहणारी बैठक गावातच राहिली.

‘सो लाँग अ लेटर’ जेमतेम शंभर पानांचं पुस्तक, आणि इथे वसाहत संपलेली आहे. सेनेगल १९६० ला स्वतंत्र झाला. रामातुलाय विधवा झाली आहे आणि इद्दतीच्या, म्हणजे मुस्लिम विधवेने पाळायच्या सुतकाच्या, चार महिने दहा दिवसांत मैत्रीण आयसातूला पत्र लिहिते. नवरा मोदूने लेकीच्याच मैत्रिणीशी, बिनेतूशी, दुसरं लग्न केलं होतं. मेल्यावर वारशाचा हिशेब मांडतात, त्याला पुस्तकात ‘मिरास’ म्हणतात. हा शब्द आपल्याला परका नाही. मराठीतले मिरास आणि मिरासदार त्याच अरबी मुळाचे. हिशेबात मेलेल्याची सगळी गुपितं उघडी पडतात. बिनेतूचा बंगला कर्जावर घेतलेला, आणि तारण ठेवलेलं ते रामातुलायचं राहतं घर, जे कागदावर मोदूचं असलं तरी दोघांच्या बचतीतून झालेलं. बिनेतूला शाळा सोडायला लावून दरमहा ५०,००० फ्रँक बांधून दिलेले, पगारासारखे. चौथा रकाना इथे मृत्यूनंतर भरला जातो, आणि विचारणारी बाई तोवर पन्नाशीची झालेली असते.

घाईत वाचणारा इथे ‘इस्लामी बहुपत्नीत्वाचा निषेध’ एवढंच लिहून मोकळा होतो. रामातुलाय श्रद्धाळू आहे. मिरास हा धर्माचाच नियम, आणि तोच तिला सत्य दाखवतो. चाळिसाव्या दिवशी दीर लग्नाची मागणी घालायला येतो तेव्हा ती त्याला झाडते. फ्रेंच मुख्याध्यापिकेची आठवण ती कृतज्ञतेने काढते. ती कृतज्ञता दुरुस्त करायला जाऊ नका. ‘वसाहतवादाने भ्रमित’ असा शिक्का मारलात की पुस्तक हातातून निसटतं. आयसातूने नवरा सोडला, शिकली, दुभाषी झाली, वकिलातीत नोकरी करते आणि मैत्रिणीला मोटार घेऊन देते. पूर्ण पुस्तकात बाईकडून बाईला बिनशर्त गेलेली मोठी रक्कम ही एकच. वहीत तिच्याखाली रेघ ओढा.

उत्तर लिहिताना प्रत्येक कादंबरीतून दोनच व्यवहार घ्या, जास्त नाही. कथासार चार ओळींत संपवा. ‘आफ्रिकी स्त्री’ असं मोघम न लिहिता शोना, इग्बो, वोलोफ असं लिहा; शोना मुलीचं देज, इग्बो बायकांची बैठक आणि सेनेगली विधवेचा वारसा यांची यंत्रणा वेगवेगळी आहे. संघर्ष शोधताना घोषणा शोधू नका: अंथरुणातून न उठणं, घास ओकणं, दिराला नकार देणं, देवळीतून मूल न देणं. ‘नर्व्हस कंडिशन्स’मधल्या लुसियाचं, तांबूच्या मावशीचं, उदाहरण हवंच. ती दारेत न बोलावता शिरते आणि खोटं बोलणाऱ्या ताकेशुरेला, जेरेमायाच्या नातेवाइकाला, कान धरून उभं करते. नंतर त्याच बाबामुकुरूंकडून मिशनच्या हॉस्टेलात स्वयंपाकिणीची नोकरी मिळवते, गुडघे टेकून त्यांचे आभार मानते, आणि संध्याकाळी पहिलीच्या वर्गात जाऊन बसते. न्याशाला ते गुडघे टेकणं खटकतं. लुसियाला पगार हवा होता आणि अक्षरं हवी होती, दोन्ही मिळाली.

या तिन्ही झाल्यावर वेळ उरला तर मोझांबिकच्या पाउलिना शिझियाने यांची ‘निकेचे’ (२००२) वाचा. इंग्रजीत ती ‘द फर्स्ट वाइफ’ या नावाने आहे. गोव्याच्या वाचकाला तर तो मुलूख कागदपत्रांतून ओळखीचा असेल, १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चाले. पोलिसातल्या मोठ्या अधिकाऱ्याची बायको रामी हिला कळतं की नवऱ्याच्या आणखी चार बायका आहेत, कागदावर नसलेल्या. भांडून दमल्यावर ती त्या चौघींना गोळा करते, प्रत्येकीचं देज रीतसर द्यायला लावते, आणि एकीला धंद्यासाठी पैसे देते. ते फिटले की दुसरीला. भिशी म्हणा हवं तर. मोझांबिकमध्ये त्या पद्धतीला शितिके म्हणतात. थोड्याच दिवसांत नवऱ्याने कुठल्या आठवड्यात कोणाच्या घरी राहायचं याचं वेळापत्रक बायका मिळून ठरवायला लागतात.